टेपची नारिंगी वायर आणि मागचे दोन लाल दिवे

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी तुमच्या ओळखीचीच, बचत गटांच्या समन्वयाचं काम करणारी. दर वेळी इथे येऊन मी तुमच्याशी हप्ते, हजेरीवही, पॅकिंग आणि लेबल यांवर बोलते. आज विषय वेगळा आहे. आज आपण गाडीतल्या टेपबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, बाईला बोलायला विषय उरले नाहीत वाटतं. पण जरा शेवटपर्यंत ऐका. या टेपच्या एका वायरीपायी आमच्या गटाच्या पाच जणी एका रात्री खंबाटकीच्या घाटात थोडक्यात वाचल्या. त्यातली एक मी होते.

आपल्या भागात आता बऱ्याच गटांनी मिळून गाडी घेतली आहे. कुणी छोटा टेम्पो, कुणी सात सीटची व्हॅन. आमच्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, शेवया, पापड, चटण्या असा माल प्रदर्शनाला न्यायचा तर दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून आम्ही बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून एक जुनी व्हॅन घेतली. चालवायला गटातल्याच एक वहिनी. त्यांनी परवाना काढला, आधी शेतावर आणि मग रस्त्यावर हात बसवला. लांबच्या रस्त्याला सोबत हवी म्हणून आम्ही गाडीत नवा टेप बसवून घेतला. आता त्यात कॅसेट नसते, पण आपल्याकडे अजून टेपच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

दिवसा सगळं छान. पहिल्या रात्रीच्या फेरीला वहिनी म्हणाल्या, "ताई, ह्यो टेप लई डोळ्यात खुपतुया बघा." खरंच, काळोखात त्याची निळी स्क्रीन ट्यूबलाइटसारखी पेटलेली. मीटरचा उजेड मंद, रस्ता काळा, आणि मधोमध हा भगभगीत चौकोन. काचेतही त्याचं प्रतिबिंब पडायचं. आम्ही त्यावर रुमाल टाकला आणि विषय संपवला. तो तिथे संपायला नको होता.

हे डोळ्यात खुपणं म्हणजे नाजूकपणा नव्हे. आपण उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेलो की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू कोनाड्यातली डबीसुद्धा दिसायला लागते. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. जवळून प्रखर उजेड पडला की हे सरावणं काही क्षणांत मोडतं. रात्री गाडी चालवणाऱ्याच्या नजरेसमोर सतत एक भगभगीत चौकोन असेल, तर रस्त्याच्या कडेने चाललेला माणूस किंवा बिनदिव्याची बैलगाडी उशिरा दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे दोन सेकंद उशिरा दिसलं, तर ३० मीटरहून जास्त अंतर आपण न पाहताच गेलो. वय वाढलं की डोळ्याला हा त्रास आणखी होतो. आमच्या वहिनी पन्नाशीच्या जवळ आहेत.

म्हणूनच कंपनीने गाडीत बसवलेला टेप रात्री आपोआप मंद होतो. तुम्ही दिव्यांचा स्विच फिरवला, मीटरचे दिवे लागले, की टेपलाही कळतं, रात्र झाली. बाहेरून आणून बसवलेल्या टेपला हे कळावं म्हणून त्याला एक वेगळी वायर दिलेली असते. बसवणारे बरेचदा ती जोडत नाहीत, कारण ती न जोडताही टेप वाजतो.

आता या वायरींची ओळख करून घेऊ. मी मराठी घेऊन बी.ए. केलं. वायरींचा आणि माझा संबंध घरातला फ्यूज गेला की मेणबत्ती शोधण्यापुरता होता. मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

टेपच्या मागून रंगीत वायरींचा झुबका येतो. बहुतेक टेपना रंगांची रीत सारखीच असते. पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट. चावी काढली तरी तो चालू राहतो, म्हणून टेपचं घड्याळ आणि आपण लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जात नाहीत. लाल वायर म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट. काळी म्हणजे अर्थ, ती गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जाते. निळी अँटेनासाठी, निळीवर पांढरी रेघ असलेली बाहेरच्या अँप्लिफायरसाठी. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या. त्या प्रत्येकीची एक जोडीदार असते, तिच्यावर काळी रेघ असते. आणि उरली ती नारिंगी. काही टेपमध्ये ती नारिंगीवर पांढरी रेघ असलेली असते. कधी तिच्यावर इंग्रजीत 'आयएलएल' ही अक्षरं छापलेली असतात. तीच आपली आजची वायर. तरी रंगावर डोळे मिटून विसंबू नका. टेपच्या पाठीवर किंवा वर चिकटवलेल्या कागदावर वायरींचा नकाशा असतो, तो आधी बघा.

ही नारिंगी वायर टेप चालवत नाही. तिचं काम फक्त निरोप घेण्याचं. शेजारीण भिंतीपलीकडून हाक मारते ना, "नळाला पाणी आलं गं!", तसा. तिच्यावर १२ व्होल्ट आले की टेप समजतो, रात्र झाली, आणि मंद होतो. १२ व्होल्ट गेले की तो समजतो, दिवस आहे, आणि पूर्ण उजेड देतो. बहुतेक टेपना या वायरीवरून 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळतं. 'थोडं हो' त्यांना कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग ही वायर जोडायची कुठे? तर पार्किंगच्या दिव्यांना जाणाऱ्या वायरीला. दिव्यांचा स्विच पहिल्या घरात फिरवला की पुढचे छोटे दिवे, मागचे दोन लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचा उजेड हे सगळं एकदम लागतं. त्या वायरीवर स्विच बंद असताना शून्य आणि चालू असताना १२ व्होल्ट असतात. टेपला हवा तोच निरोप.

आमच्या गाडीत काय झालं, ते आता सांगते. रुमालाला कंटाळून आम्ही गाडी एका फिटरकडे नेली. त्याचं नाव-गाव सांगत नाही, कारण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. आम्हीही काही न विचारता पैसे देऊन मोकळ्या झालो होतो.

पहिल्यांदा त्याने नारिंगी वायर जोडली ती डिमरच्या पुढच्या वायरीला. डिमर म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करायची छोटी चाकी. दुकानात सगळं बरोबर दिसलं. रात्री वहिनींनी सवयीने चाकी फिरवून मीटर मंद केलं, आणि टेप एकदम भगभगीत झाला! आम्हाला वाटलं, टेपच बिघडला. कारण साधं होतं. चाकी फिरवली की त्या वायरीवरचे व्होल्ट १२ वरून खूप खाली येतात. टेपला 'थोडं हो' कळत नाही, म्हणून तो समजला, दिवस उजाडला. काही गाड्यांत डिमर दिव्यांच्या अर्थच्या बाजूला असतो. तिथे चुकीची बाजू धरली तर आणखी उलटसुलट होतं. तेव्हा धडा पहिला: नारिंगी वायर डिमरच्या पुढे जोडायची नाही, डिमरच्या आधी जोडायची.

दुसऱ्यांदा त्याने जागा बरोबर निवडली, पण जोड चुकीचा दिला. पार्किंगच्या वायरीचं प्लॅस्टिक सोलून, नारिंगीला तिच्याभोवती नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली. महिनाभर टेप शहाण्यासारखा मंद होत होता. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या आत ती काळी टेप वितळून चिकट झाली आणि हळूहळू सुटली. उघडं तांबं खाली लोंबलं.

दिवाळीच्या आधी पुण्याचं प्रदर्शन आटोपून आम्ही रात्री परत येत होतो. शिरवळ मागे पडलं आणि एका धक्क्याला मीटरचे सगळे दिवे गेले. त्याच क्षणी टेप एकदम भगभगीत झाला. वहिनी म्हणाल्या, "मीटरचा बल्ब गेला जणू." पुढचे मोठे दिवे व्यवस्थित होते, रस्ता दिसत होता. आम्ही टेप बंद केला आणि निघालो. घाटाचा चढ लागला, गाडी मालाच्या रिकाम्या क्रेटनी आणि आमच्या वजनाने हळू झाली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत, दिवे मारत आला. अगदी जवळ येऊन त्याने कच्चकन ब्रेक मारला. मग रुंद जागा मिळताच शेजारी येऊन तो ओरडला, "आवं मावशी, मागं लाइटच न्हाई! दिसतच नव्हता तुम्ही!"

अंगावर काटा आला. घाटात थांबणं त्याहून वाईट, म्हणून दोन्ही बाजूचे इंडिकेटर चालू करून चढ संपवला आणि पलीकडे उतरून एका हॉटेलच्या उजेडात गाडी घेतली. तिथे एका ट्रकच्या क्लीनरने मदत केली. फ्यूजच्या डब्यात पार्किंगच्या दिव्यांचा फ्यूज गेलेला. झाकणात जादा फ्यूज होता, तो लावला तर तोही लगेच गेला. तेव्हा तो पोरगा म्हणाला, "कुठंतरी वायर लागलीया." त्याने टेप बाहेर ओढला, लोखंडी पट्टीला टेकलेलं उघडं तांबं आम्हाला दाखवलं, नारिंगी वायर सोडवली आणि जोडाची जागा नीट गुंडाळली. मग तेवढ्याच अँपियरचा फ्यूज लावला, तो टिकला. मागचे लाल दिवे लागलेले पाहून आमच्यातली एक म्हातारी आक्का रस्त्यातच हात जोडून उभी राहिली.

म्हणजे त्या रात्री काय झालं होतं बघा. बऱ्याच गाड्यांत मीटरचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. फ्यूज गेला, तेव्हा दोन्ही गेले. नारिंगीवरचे १२ व्होल्टही गेले, म्हणून टेप भगभगीत झाला. खरं तर तो आम्हाला सांगत होता की पार्किंगचा करंट गेला आहे. आम्हाला ती भाषा येत नव्हती. धडा दुसरा, आणि हा आजच्या भाषणातला सगळ्यांत मोठा: रात्री चालत्या गाडीत मीटर अचानक काळोखलं, किंवा मंद असलेला टेप एकदम उजळला, तर सुरक्षित जागी थांबा, खाली उतरा आणि मागचे दिवे बघा. आत बसून ते कळत नाही.

नंतर आम्ही साताऱ्यातल्या एका जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. या वेळी मी वही घेऊन शेजारी बसले. त्यांनी केलं ते क्रमाने सांगते.

आधी टेप काढून वायर शोधली. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून तिथे रंग न बघता मीटर लावायचा. म्हणजे मल्टिमीटर, करंट मोजायचा. तो डीसी २० व्होल्टवर ठेवला, काळी सुई सांगाड्याच्या रंग नसलेल्या लोखंडाला आणि लाल सुई वायरीला लावली. चार गोष्टी पाहिल्या. स्विच बंद, शून्य. पार्किंग चालू, १२ च्या आसपास. इंजिन चालू असेल तर हा आकडा १४ च्या जवळ जातो, त्यात काही बिघडलेलं नसतं. मग मोठे दिवे लावले, आकडा तसाच. शेवटी डिमरची चाकी पूर्ण खाली फिरवली, तरी आकडा तसाच. चारही उत्तरं बरोबर आली तरच ती आपली वायर. दिव्यांच्या स्विचच्या मागे किंवा ॲशट्रेच्या छोट्या दिव्याजवळ ती सापडते. काही गाड्यांत टेपच्या मूळ कपलरमध्येच ती आलेली असते, तेव्हा दुसरीकडे हात घालायची गरजच नाही.

वायर सापडल्यावर बॅटरीची मायनसची तार काढली. जोडकाम करताना बॅटरी लागलेली नको. त्याने टेपचं घड्याळ पुन्हा लावावं लागतं, एवढंच.

मग जोड. नुसता पीळ नाही. वायरी झाळून त्यावर आकसणारी प्लॅस्टिकची नळी चढवली. झाळायचं नसेल तर दाबून बसवायचे जोड मिळतात, तेही चालतात. आणि जोडाच्या अगदी जवळ नारिंगी वायरीत एक अँपियरचा छोटा फ्यूज बसवला. निरोपाच्या वायरीला करंट नावापुरता लागतो, त्यामुळे एक अँपियर पुष्कळ झाला. त्याचा फायदा असा की, उद्या नारिंगी वायर पुढे कुठे घासली तर हा छोटा फ्यूज आधी जाईल. टेप भगभगीत होईल, पण मागचे लाल दिवे लागलेले राहतील. बिघाड कुठे व्हावा हे आपण ठरवायचं, तो टेपमध्ये झाला तर चालेल, मागच्या दिव्यांत नको. शेवटी वायर प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि पायातल्या पॅडलपासून दूर ठेवली.

काही गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. एक, नारिंगी वायर लाल वायरीला जोडायची नाही. मग टेप भर दुपारीही मंद राहतो आणि उन्हात अक्षर दिसत नाही. दोन, फ्यूज सारखा जातो म्हणून जास्त अँपियरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावायचा नाही. फ्यूज जातो तो आपल्याला वाचवायला. तो गेला नाही तर वायर पेट घेते. तीन, एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना आणि पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. चार, अगदी नव्या गाड्यांत दिव्यांचं काम छोट्या संगणकाकडून चालतं. तिथे वायर सोलायची नाही. त्या गाडीसाठी तयार मिळणारा कपलर घ्यायचा आणि वॉरंटीचं आधी विचारायचं.

कुणाच्या टेपला नारिंगी वायरच नसेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये बघा. बऱ्याच टेपमध्ये 'डिमर' नावाचा पर्याय असतो. काहींत वेळ लावून ठेवता येते, संध्याकाळी मंद आणि सकाळी उजळ. मोठ्या टच स्क्रीनवर उजेड बोटाने कमी करता येतो. हे काम गाडी उभी असताना, निघायच्या आधी करायचं. आणि नारिंगी वायर बरोबर जोडूनही टेप मंद होत नसेल, तर याच सेटिंगमध्ये डिमर बंद ठेवलेला नाही ना, ते बघा.

या जोडणीत एक गैरसोय आहे, तीही सांगते. दिवसा पावसात दिवे लावले की टेप मंद होतो आणि अक्षर नीट दिसत नाही. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तिथे दिवे लावले की तसंच. पण बोगद्यात टेपकडे बघायचं कशाला? गाणं कानाने ऐकायचं असतं.

आता वही-पेन घ्या. फिटरला पैसे देण्याआधी एवढं स्वतः तपासा. दिवे बंद, टेप उजळ हवा. पार्किंग लावा, टेप मंद व्हायला हवा. डिमरची चाकी पूर्ण खाली घ्या, टेप मंदच राहायला हवा. मोठे दिवे लावा, तरी मंदच. मग खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारा: पुढचे छोटे दिवे, मागचे दोन्ही लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा. त्यानंतर गाडी खडबडीत रस्त्यावरून एक चक्कर मारून आणा आणि हे सगळं पुन्हा बघा. फिटरला विचारा, "जोड झाळला का? छोटा फ्यूज टाकला का?" विचारायला लाजू नका. आपण पापडाच्या पिठात मीठ किती हे विचारतो, मग आपल्याच गाडीतल्या जोडाबद्दल का नको? चांगला कारागीर रागावत नाही, उलट खूश होऊन दाखवतो.

आमच्या गटाने त्या रात्रीनंतर ठराव केला आणि तो इतिवृत्तात लिहिला. गाडीत कायम वेगवेगळ्या अँपियरचे जादा फ्यूज आणि एक बॅटरी ठेवायची. अंधार पडल्यावर गाडी सुरू करण्याआधी एकीने मागे उभं राहून दिवे बघायचे आणि मोठ्याने सांगायचं, "दोन्ही लाल आहेत." मगच वहिनी गाडी काढतात. सुरुवातीला आम्हाला त्याचं हसू यायचं. आता कुणी विसरलं तर आक्काच दार उघडून खाली उतरते.

आमचा टेप आता रात्री चुलीतल्या निखाऱ्याएवढाच उजेड देतो. आणि परतीच्या वाटेवर गाव जवळ आलं की त्याच्यावर आपलं हे स्टेशन लागतं. आधी खरखर, मग स्पष्ट. तुमच्याही गाड्या अशाच रोज सुखरूप घरी येवोत. पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या गटाची गाडी आहे, त्यांनी मागचे दिवे बघूनच या. मी दारातच विचारणार आहे.